अबईचा चीक

आमच्या केडगावच्या घरात फ्रिज होता, पण त्यात दूध ठेवायची परवानगी नव्हती. त्या काळी गल्लीत दुसऱ्या कुणाकडे फ्रिज नव्हता, त्यामुळे लोकांना वाटायचं आम्ही गारेगार सरबतं पीत बसतो. आम्ही माठातलंच पाणी प्यायचो. फ्रिज मागच्या खोलीत होता. अण्णांनी तो एका दवाखान्याच्या अडगळीतून आणलेला. दार नीट लागत नव्हतं म्हणून त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधलेली असायची. चालू झाला की तो म्हाताऱ्या म्हशीसारखा धापा टाकायचा, आणि धाप थांबली की आम्ही तिघंही हातातलं काम टाकून कान टवकारायचो. लाईट गेली की काय, हा आमच्या घरातला पहिला प्रश्न. एकदा पाहुणे यायचे म्हणून आईने त्यात सायीचं भांडं ठेवलं, तर अण्णा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. साय मात्र खाल्ली.

अण्णा म्हणजे माझे वडील. नगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते. नाव मोठं, काम काचा धुण्याचं. मुलांनी घाण केलेल्या परीक्षानळ्या विसळायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या परीक्षकांसाठी चहा सांगायचा. अण्णांचं शिक्षण मॅट्रिकवर थांबलेलं. पण कानावर पडत पडत त्यांना इतकं कळत होतं, की नवे आलेले प्राध्यापक दार लोटून हळूच त्यांनाच विचारायचे, आणि मग वर्गात जाऊन तेच मोठ्याने सांगायचे. अण्णांना त्याचं वाईट वाटत नसावं अशी माझी लहानपणी समजूत होती. आता वाटतं, वाटत असलं पाहिजे. माणूस जन्मभर दुसऱ्यांच्या नळ्या धुतो तेव्हा एखादी नळी आपलीही असावी, असं त्याला वाटणारच.

ती नळी त्यांना सापडली डब्यात. आईचं माहेर तिसगावचं. तिथे मामांच्या विहिरीच्या कुंपणावर अबईचा वेल होता, असला माजलेला की खाली बोरी होती की बाभळ तेही कळत नसे. कोवळ्या शेंगांची दाण्याचं कूट घालून केलेली भाजी आमच्याकडे थंडीभर असायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत एका प्राध्यापकांनी अण्णांच्या डब्यातली भाजी चाखली आणि बोलता बोलता सांगितलं, की शेंग जून झाली की आतलं बी आपण फेकून देतो, पण खरी दौलत त्या बियात आहे. त्यात एक विकर असतं. विकर म्हणजे एन्झाइम. हे विकर युरियाला फोडून त्याचा अमोनिया करतं आणि बाकी कशाच्या वाटेला जात नाही. माणसाच्या रक्तात युरिया किती साचलाय, म्हणजे किडन्या चालतात की थकल्यात, हे बघायला दवाखान्यांना हेच विकर लागतं, आणि ते परदेशातून बर्फात बसून येतं. प्राध्यापक हात धुऊन निघून गेले. अण्णा मात्र त्या दिवशी घरी आले ते थेट आईला म्हणाले, “तुझ्या दादाला निरोप धाड. जून शेंगा फेकू नको म्हणावं. एकबी.”

मागच्या खोलीतल्या कारभाराची सुरुवात अशी झाली, आणि त्यात सगळ्यात आधी तयार झाली ती आई. बिया फोडून कडक साल काढायची, मग जात्यावर दळायचं. गिरणीत द्यायचं नाही, कारण गिरणीत पीठ तापतं, आणि तापलं की विकर मरतं. पहाटेच्या गारठ्यात आई जात्याला बसायची. पीठ ॲसिटोन घातलेल्या पाण्यात कालवायचं, बर्फात ठेवायचं, गाळायचं. गाळलेलं पाणी थंडीत तसंच राहू दिलं की तळाशी बारीक चकाकी धरायची. तो थेंब काचेवर घेऊन अण्णा कॉलेजात जायचे आणि कुणी नसताना सूक्ष्मदर्शकाखाली बघून यायचे. ते स्फटिक पुन्हा विरघळवायचे, पुन्हा धरायचे. दर खेपेला मळ मागे राहायचा आणि माल कमी व्हायचा. “शुद्ध करणं म्हंजी कमी करणं,” असं अण्णा म्हणायचे, आणि पोतंभर बियांचं शेवटी बरणीभर राहिलेलं बघून मान हलवायचे. आईने पहिल्या दिवशी हे सगळं नीट पाहिलं आणि म्हणाली, “येवढंच व्हय? ह्यो तर कुरडयांचा चीक हाय. भिजवा, वाटा, गाळा, निवळू द्या.” त्या दिवसापासून आमच्या घरात त्याला विकर, एन्झाइम असलं काही कुणी म्हटलं नाही. अबईचा चीक, बस्स. आणि खरं सांगायचं तर गाळणं तिच्यासारखं अण्णांनाही जमत नसे. फडकं कधी पिळायचं आणि कधी नुसतं टांगून ठेवायचं, हे तिच्या बोटांना माहीत होतं.

वास मात्र आम्हाला भोवला. ॲसिटोनचा वास भिंतीतून झिरपायचा आणि भाकरीलासुद्धा लागायचा. केडगावात बोलवा उठली की कॉलेजातला माणूस मागच्या खोलीत हातभट्टी लावून बसलाय. एका संध्याकाळी शेजारच्या गल्लीतले एक भारदस्त गृहस्थ पिशवीत रिकामी बाटली घेऊन आले आणि अण्णांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “आपल्या मानसाला जरा वाजवी लावा.” अण्णांनी त्यांना खोलीत नेऊन सगळं दाखवलं. गृहस्थ बिचारे फार निराश होऊन गेले.

खरं पाहण्यासारखं असायचं ते शेवटी. अण्णा एका नळीत युरियाचं पाणी घ्यायचे, त्यात रंगाचा थेंब टाकायचे. पाणी पिवळं व्हायचं. मग चिकाचा एकच थेंब. बघता बघता पिवळ्यातून गुलाबी वर यायचं आणि नळी लालगुलाबी होऊन जायची. आईने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने डोक्यावर पदर घेतला. हळदीवर चुना पडला की कुंकू होतं, हे तिने माहेरी करताना पाहिलं होतं. इथे चुना नाही, काही नाही, आणि हळदीचं कुंकू झालं. “ह्याच्यात देवाचं कायतरी हाय,” ती म्हणाली. अण्णा हसले. मीही हसले. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि देवाचं काही आहे असं म्हणणाऱ्यांची मला फार कीव यायची.

अण्णांनी एक छोटी बाटली पुण्याच्या एका कंपनीला पाठवली. रक्त तपासायची औषधं बनवणारी लहानशी कंपनी होती. कंपनीचं उत्तर आलं, माल उत्तम आहे, अशीच एक मोठी बरणी तयार ठेवा, आमचा माणूस येऊन तपासेल, आणि पास झाली तर दर वर्षी घेऊ. ते पत्र अण्णांनी घडी घालून खिशात ठेवलं आणि इतक्या वेळा काढून वाचलं की घडीवर फाटलं. मी मागून चिकटपट्टी लावून दिली.

त्याच आठवड्यात मामा आले. बियांचं पोतं टेकवलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, “दाजी, देवळाली प्रवऱ्याचं स्थळ हाय. ऊस, इंजिन, घर पक्कं. पोरगं सादं हाय. सुमीचं शिक्षान झालंच की आता.” आई माझ्याकडे बघेना. अण्णा बियांत हात घालून बसले होते. मग म्हणाले, “भाऊसाहेब, ही बरनी पास झाली तर सुमी पुन्याला एम.एस्सी. करनार. आन परत येऊन ह्याच खोलीत माज्यासंगं काम करनार. न्हाई झाली, तर तुमचं स्थळ. मी आडवा यायचो न्हाई.” मामा म्हणाले, “बरनीवर पोरीचं लगीन? लोक हसतील.” पण त्यांनी मान्य केलं, कारण अण्णांनी त्यांच्यापुढे कशासाठी शब्द टाकल्याची ती पहिलीच वेळ होती. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या बरणीत जाऊन बसलं, आणि मला त्याचा आनंदच झाला. इतकी मला खात्री होती.

आता ती गोष्ट सांगायला हवी, जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मोठ्या बरणीचं काम सुरू करायच्या आधी अण्णांनी मला खोलीत बोलावलं. म्हणाले, “ध्यानात ठेव. तांबं, चांदी, पारा. तिन्ही ह्याचे वैरी. भांडंच न्हाई, कनभरसुदिक लागता कामा न्हाई. हातातली अंगठी काढून ठिवायची. हे तुझ्या आईला नीट समजावून सांग. माझं सांगनं तिला रागावल्यासारखं वाटतंय. तुझं ऐकंल.” मी हो म्हटलं. दाराशी मैत्रीण उभी होती, आम्हाला नगरला जायचं होतं, कशाला ते आज आठवतसुद्धा नाही. मी स्वैपाकघरात डोकावून म्हटलं, “आई, अण्णांच्या खोलीत तांब्यापितळेची भांडी न्यायची नाहीत हं.” आणि चपला घातल्या. का, कशासाठी, भांडंच की आणखी काही, यातलं मी एक अक्षर सांगितलं नाही. आईने विचारलंही नाही. संध्याकाळी परत आले तर तिने तांब्याचा हंडा, घंगाळ, पूजेचा तांब्यासुद्धा त्या खोलीच्या बाजूने हलवून अंगणाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला होता. हंडा भरलेला होता. तो तिने एकटीने उचलला होता.

तीन आठवडे घर त्या बरणीभोवती फिरत होतं. मी रोज सायकलवरून गोणपाटात गुंडाळलेला बर्फ आणायचे. घरी पोचेपर्यंत पाठ ओली होऊन जायची. अण्णांनी रजा काढली होती. जेवताना ते घास हातात घेऊन थांबायचे आणि फ्रिजची धाप ऐकायचे. आईने हुलग्याचं माडगं करून करून आम्हाला कंटाळा आणला, कारण ते झटपट होतं आणि ऊब देतं. शेवटच्या दिवशी अण्णांनी सगळा चीक ग्लिसरीनमध्ये घालून बरणीत भरला. काकवीसारखा दाट, किंचित पिवळसर. नळीत एक थेंब टाकला, आणि नळी झटकन लाल झाली. त्यांनी ती नळी माझ्या हातात दिली. म्हणाले, “धर. तुझी हाय.”

पुण्याचा माणूस यायला पाच दिवस होते. आईने विचारलं, बरणीला हळदकुंकू लावलं तर चालेल का. अण्णा खुशीत होते. म्हणाले, “भायेरून काय करायचं ते कर.” तिने बाहेरून बोटं ओढली. पाच उभी बोटं, कलशाला ओढतात तशी. मधल्या बुधवारी लाईट गेली, पण आम्ही बर्फाची तयारी ठेवली होती. मी स्वतः दोन खेपा करून आणला. फ्रिजमधल्या थर्मामीटरचा पारा अण्णा तासातासाला बघत होते आणि तो हलला नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

पुण्याहून आलेला माणूस तरुण होता, बोलायला नम्र. आम्ही त्याला साहेब म्हणत होतो आणि तो अण्णांना काका म्हणत होता. आईने पुरणपोळी आणि शिपी आमटी केली होती. तो म्हणाला, आधी काम करू, मग निवांत जेवू. त्याने स्वतःच्या पेटीतून नळ्या काढल्या, युरियाचं पाणी काढलं, रंगाचा थेंब टाकला. पिवळं. मग बरणीतला थेंब. आई दाराच्या चौकटीत उभी होती, मी तिच्या पुढे.

पिवळंच राहिलं.

साहेबाने घड्याळ बघितलं. आणखी एक थेंब टाकला. मग कोमट पाणी मागितलं आणि नळी त्यात धरली. अण्णा म्हणाले, “साहेब, तुमचा युरिया जुना असंल.” आपल्या कपाटातलं पाणी त्यांनी काढलं, आपल्या हाताने थेंब टाकला, मग दोन, मग पिपेटभर. पिपेट नळीच्या काठावर वाजत होती. नळीच्या तळाशी कुठेतरी एक फिकट गुलाबी सावली आल्यासारखी झाली आणि तीही विरून गेली. साहेबाने आपल्या नळ्या विसळून पेटीत ठेवल्या. मग त्याने जे विचारलं ते त्याने वाईट मनाने विचारलं नसेल. म्हणाला, “काका, ते पहिलं सॅम्पल तुम्हीच बनवलं होतं ना?”

अण्णांनी दोन्ही हात पुढे केले, बघा म्हटल्यासारखे. ॲसिटोनने सालपटं निघालेले हात. “ह्याच हातानं, साहेब,” ते म्हणाले. साहेबाने मान डोलावली, पण त्याचा विश्वास बसला नव्हता. अण्णांनी कॉलेजातल्या कपाटातून परदेशी बाटली उचलून तीच आपल्या नावावर धाडली असावी, असं त्याला वाटलं होतं, आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. अण्णा म्हणाले, पुन्हा करून देतो. साहेब म्हणाला, महिनाअखेर कुणाकडून घ्यायचं ते ठरणार आहे. महिनाअखेरपर्यंत अण्णांनी बी आणायचं कुठून? मामांच्या वेलाचं शेवटचं पोतं या बरणीत गेलं होतं आणि नवीन शेंग पुढच्या थंडीत. साहेब जेवला नाही. दुपारची पुण्याची गाडी धरायची आहे म्हणाला.

आम्ही जेवलो. अण्णांनी दोन पोळ्या खाल्ल्या, आमटी चांगली झाली म्हणाले. मग उठून बरणी घेतली आणि मागच्या मोरीत गेले. मी मागोमाग गेले, कारण ते पडतील असं मला वाटलं. त्यांनी बरणी कलती केली आणि तो दाट द्रव सावकाश, खूप सावकाश मोरीत जाऊ लागला. उजेडात त्याला हिरवट झाक दिसली. अण्णा थांबले, बरणी वर धरून बघितली आणि परत कलती केली. शेवटी शेवटी आत काहीतरी घसरलं आणि शहाबादी फरशीवर टण्णदिशी वाजलं.

भोकाचा पैसा होता. आमच्या देव्हाऱ्यात कलशाच्या तांदळात तो कायम असायचा. आईला तिच्या आईने दिलेला. मी तान्ही असताना तोच काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या कमरेला बांधला होता. तांब्याचा. देव्हाऱ्यात तो नेहमी काळाकुट्ट दिसायचा. मोरीत पडला होता तो दोन्ही बाजूंनी लखलखीत.

अण्णांना कळलं आणि मलाही कळलं, एकाच वेळी. रिता कलश पूजत नाहीत. आत पैसा हवा. अण्णा घराबाहेर गेले असताना कधीतरी तिने बरणीचं झाकण काढलं असणार. भांडी नको म्हणून सांगितलं होतं, भांडी तिने आणली नव्हती. अण्णांनी पैसा उचलला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ते विचारतील, काय सांगितलं होतंस तू तिला? ते मला विचारत नव्हते. डोळ्यांनी गप्प राहा म्हणून सांगत होते. तेवढ्यात आई मोरीच्या दाराशी आली. “काय झालं हो? कशानं बिगाडलं?”

“बुधवारी लाईट गेल्ती ना,” अण्णा म्हणाले. “फ्रिज तापला.”

“बर्फ आनला हुता की सुमीनं.”

“पुरला न्हाई.”

अशा रीतीने दोष माझ्या बर्फावर आला आणि मी तो घेतला. घेताना मला बरंसुद्धा वाटलं, हे लिहायला लाज वाटते. खऱ्या दोषापेक्षा तो फार हलका होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पैसा कलशाच्या तांदळात परत होता. अण्णांनी आईला तो शोधावा लागू नये म्हणून पहाटेच ठेवला होता. आईने त्या सकाळी दिवा लावायला जरा जास्त वेळ लावला. मला वाटलं, वात भिजली असेल.

मी परीक्षा दिली, पास झाले, आणि त्याच उन्हाळ्यात देवळाली प्रवऱ्याला आले. मामांनी म्हटल्याप्रमाणे घर पक्कं होतं आणि माणूस साधा होता. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. या घरात मी गावातल्या मुलांना दहावीचं विज्ञान शिकवलं, अजून शिकवते. विकरांचा धडा आला की तो मी भरभर उरकते. पुढच्या थंडीत मामांनी शेंगा धाडल्या, पण अण्णांनी पोत्याचं तोंड उघडलं नाही. बियांना भुंगे लागले, मग आईने पोतं ओढ्यात नेऊन झाडलं. डब्यात अबईची भाजी त्यांनी परत नेली नाही. निवृत्तीपर्यंत ते काचा धूत राहिले. पुण्याचा तो प्रश्न कॉलेजपर्यंत पोचला होता, आणि शेवटची काही वर्षं रसायनांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे नव्हती, हे मला ते गेल्यावर कळलं. मी पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा फ्रिज स्वैपाकघरात हलवलेला होता. अण्णा आईला म्हणाले होते, “आता ठेव दूध.” आईने त्यात कधी काही ठेवलं नाही. तो रिकामाच धापा टाकायचा, मग एक दिवस थांबला, आणि कुणी कान टवकारले नाहीत.

अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. आई गेली ती आत्ता, गेल्या थंडीत. तिच्याच किडन्या गेल्या. नगरच्या दवाखान्यात रोज सकाळी एक नर्स येऊन तिचं रक्त घेऊन जायची आणि दुपारी खालच्या मजल्यावर रिपोर्ट मिळायचा. एका दुपारी आईने डोळे उघडले आणि विचारलं, “हे रगत तपासत्यात, त्यात आपल्या अबईचं आसतंय का गं?”

“असतं आई.”

तिने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाली, “त्यो पैसा मीच टाकला हुता. तुला म्हाईत हाय ना?”

मी हो म्हटलं.

“त्यांनी परत आनून कलशात ठिवला, तवाच म्या समजले. फ्रिज तापला आसता तर पैसा कसा सापडंल त्येंना? बरनी पालथी केल्याबिगर? म्हनलं, ते बोलत न्हाईत तर आपून कसं बोलायचं.” तिला धाप लागली. मी पाणी दिलं. “चिंच लावून घासला हुता गं. कढत पान्यात उकळून घेतला. घान आत जाऊ नये म्हनून.”

म्हणून लखलखीत होता. मळ होता तोवर निदान तांबं झाकलेलं होतं. आईने तेही काढून टाकलं होतं. इतकी वर्षं मला हे माहीत नव्हतं.

“सुमे, एक सांग. खरं सांग, आता काय राह्यलंय. त्येंनी तुला काय सांगितलं हुतं? भांडी आनू नको म्हनले हुते, का पैसाबी न्हाई? मी इसरले, का मला कुनी सांगितलंच न्हाई?”

तेव्हा मला बोलता आलं असतं. अण्णांनी सगळं सांगितलं होतं आई, कणभर तांबंसुद्धा नको म्हणाले होते, तुला समजावून सांग म्हणाले होते, आणि मी दारातूनच एक वाक्य फेकून निघून गेले. एवढंच म्हणायचं होतं. ती मला रागावली नसती. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला असता. तेच मला सहन झालं नसतं बहुतेक.

“भांडीच म्हणाले होते,” मी म्हटलं. “अण्णा भांडीच म्हणाले होते.”

आईने श्वास सोडला. तिचा चेहरा सैल झाला, मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता तसा. “बघ,” ती म्हणाली. “येवढा शिकलेल्यांत वावरलेला मानूस. नीट सांगायचं तरी. आन मी हितं येवढी वर्सं मलाच खात बसले.” मग हलकेच हसली, अण्णांवर रागावून हसायची तशी. “मंग त्येंचीच चूक म्हनायची.”

“हो,” मी म्हटलं.

तिला झोप लागली. मी रिपोर्ट आणायला खाली गेले. युरिया आणखी वाढला होता.